जुन्या ट्रकला कोणतं इंजिन ऑइल घालावं आणि ते कधी बदलावं?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: ट्रक वीसेक वर्षांचा, सहा सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन, चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, 15 लिटर ऑइल बसतं. हँडबुकमध्ये सीएफ-4 दर्जाचं 15डब्ल्यू-40 लिहिलंय, ते आता दिसत नाही. बदलायची मुदत 15,000 किलोमीटर दिली आहे. इंजिन थोडं ऑइल खातं. एक मिस्त्री म्हणतो 20डब्ल्यू-50 घाला, दुसरा म्हणतो सिंथेटिक घाला आणि 40,000 किलोमीटर बघूच नका. कुणाचं ऐकायचं?

दोघांचंही नाही. या गाडीला चांगल्या कंपनीचं साधं खनिज 15डब्ल्यू-40 घाला, दर्जा सीआय-4 प्लस. आणि ते बदलायचा हिशेब किलोमीटरवर नाही, जळलेल्या डिझेलवर करा. ही दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कारण ऑइल निवडताना फार मोठी चूक सहसा होत नाही, मुदतीत मात्र सर्रास होते आणि बेअरिंग त्यातच जातात.

आधी डब्यावरच्या अक्षरांचं बघू. एपीआय या अमेरिकी संस्थेच्या दर्जात ‘सी’ने सुरू होणारी अक्षरं डिझेल इंजिनासाठी, ‘एस’ने सुरू होणारी पेट्रोलसाठी. डिझेलची मालिका अशी वाढत गेली: सीडी 1955, सीई 1985, सीएफ-4 1990, सीजी-4 1995, सीएच-4 1998, सीआय-4 2002, त्याला प्लसची जोड 2004 मध्ये मिळाली, मग सीजे-4 आणि 2016 च्या शेवटी सीके-4. चार-स्ट्रोक, थेट इंजेक्शनच्या इंजिनाला पुढचा दर्जा मागच्याच्या जागी चालतो. त्यामुळे हँडबुकमध्ये सीएफ-4 असेल तर सीएच-4, सीआय-4, सीके-4 यातलं काहीही घातलं तरी इंजिनाला कमी पडणार नाही, उलट काजळी धरून ठेवायची ताकद जास्तच मिळेल. फार जुन्या हँडबुकमध्ये एपीआयऐवजी ‘एमआयएल-एल-2104सी’ असा लष्करी आकडा असतो. तो सीडीच्या बरोबरीचा, म्हणजे त्या गाडीलाही हाच नियम.

या नियमाला अपवाद आहेत आणि ते लक्षात ठेवावेत. एफए-4 हा सीके-4 बरोबरच आलेला दर्जा जुन्या इंजिनात अजिबात घालायचा नाही. ते मुद्दाम पातळ बनवलेलं ऑइल आहे. ऑइल 150 अंशांना तापलेलं असताना आणि जोरात घासलं जात असताना त्याची फिल्म किती जाड राहते याची एक चाचणी असते. तिच्यात एफए-4 चा आकडा 2.9 ते 3.2 च्या दरम्यान येतो, आणि 15डब्ल्यू-40 ला तिथे किमान 3.7 लागतात. जुन्या इंजिनाच्या बेअरिंगमधल्या गॅपला एवढी पातळ फिल्म पुरत नाही. दुसरा अपवाद दोन-स्ट्रोक डिझेल इंजिनांचा. त्यांना बहुतेक वेळा 40 ग्रेडचं, कमी राखेचं मोनोग्रेड, म्हणजे एकाच आकड्याचं ऑइल लागतं, तिथे 15डब्ल्यू-40 सारखं मल्टिग्रेड घालून प्रयोग करू नका. आणि डब्यावर ‘एसएन/सीएफ’ असं लिहिलेलं ऑइल ट्रकसाठी नाही. आधी ‘एस’ आहे, म्हणजे ते मुळात पेट्रोल कारचं ऑइल. ट्रकच्या इंजिनात जेवढी काजळी तयार होते तेवढी झेलण्यासाठी ते बनवलेलंच नसतं.

आता सीआय-4 प्लस का, सीके-4 का नाही? सीके-4 वाईट नाही. उष्णतेत ते जास्त टिकतं, वापरात पातळही कमी होतं. पण धुराच्या नळीत डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या गाड्यांसाठी त्यातली राख 1 टक्क्याच्या आत ठेवावी लागते. राख म्हणजे इथे काही घाण नव्हे, आम्ल मारणारे जे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार ऑइलमध्ये घालतात ते जळल्यावर मागे उरतं ते. राखेवर मर्यादा आली की क्षारांवरही येते. म्हणून सीके-4 चा टीबीएन, म्हणजे आम्ल मारायचा साठा, सहसा 8 ते 10 असतो आणि सीआय-4 प्लसचा 10 ते 12. डिझेलमधलं गंधक जळून पाण्याबरोबर सल्फ्युरिक आम्ल तयार होतं, ते हा साठा खातं. डिझेल 10-15 पीपीएम गंधकाचं, स्वच्छ असेल तर दोन्ही ऑइल सारखीच चालतील. डिझेलची खात्री नसेल किंवा गाडी जास्त गंधकाच्या डिझेलवर चालत असेल तर सीआय-4 प्लसच घ्या. मात्र गाडीला नंतर कुणी डीपीएफ बसवला असेल तर उलट, मग सीके-4, नाहीतर तो फिल्टर राखेने भरेल. डब्यावर एपीआयऐवजी युरोपीय दर्जा लिहिलेला असेल तर डीपीएफ नसलेल्या जुन्या गाडीला एसीईए ई7 बघा.

‘15डब्ल्यू-40’ मधल्या आकड्यांबद्दल गैरसमज फार आहेत. मागचा 40 म्हणजे 100 अंश सेल्सिअसला ऑइलचा घट्टपणा 12.5 ते 16.3 सेंटिस्टोकच्या दरम्यान. 50 म्हणजे 16.3 ते 21.9. पुढचा आकडा थंडीतल्या वागण्याचा. 15डब्ल्यू ची क्रँकिंग चाचणी उणे 20 अंशांना होते, 20डब्ल्यू ची उणे 15 ला. म्हणून कुणी म्हणालं की आमच्याकडे बर्फ पडत नाही, 15 काय नि 20 काय सारखंच, तर ते अर्धंच खरं आहे. पहाटे स्टार्टर मारल्यावर ऑइल वर रॉकरपर्यंत आणि टर्बोच्या बेअरिंगपर्यंत पोचायला जो वेळ लागतो, तो घट्ट ऑइलने वाढतो, मग हवा उबदार का असेना. इंजिनाची मोठी झीज याच वेळात होते.

20डब्ल्यू-50 चा सल्ला मिस्त्री का देतो हे मला समजतं. गरम झाल्यावर ऑइल प्रेशरचा काटा खाली बसतो, घट्ट ऑइल घातलं की वर राहतो, ड्रायव्हरला बरं वाटतं. काही वेळा हे खरोखर योग्यही असतं: इंजिन उघडायचं आधीच ठरलंय, बेअरिंग घासलेले आहेत हे माहीत आहे आणि तोपर्यंतचे काही महिने काढायचे आहेत. पण न तपासता घट्ट ऑइल घालणं म्हणजे बिघाड झाकणं. पंपाचं काम जड होतं, गार असताना फिल्टरचा बायपास व्हॉल्व्ह उघडून न गाळलेलं ऑइल फिरतं, आणि घट्ट ऑइल बेअरिंगमधून हळू वाहतं म्हणून तिथली उष्णताही कमी वाहून नेतं.

म्हणून प्रेशर कमी दिसलं तर आधी डॅशबोर्डवरच्या मीटरवर विश्वास ठेवू नका. सेंडर, म्हणजे मीटरला प्रेशर कळवणारा भाग, काढून त्या जागी साधा यांत्रिक गेज लावा, इंजिन पूर्ण गरम करा आणि मग बघा. जुना अंदाज असा की दर 1,000 आरपीएमला साधारण 10 पीएसआय मिळायला हवं. गरम इंजिन मंद चालत असताना 8-10 पीएसआय आणि 2,000 आरपीएमला 20 च्या वर असेल तर बेअरिंगला भूक लागलेली नाही. हँडबुकमध्ये आकडा दिला असेल तर तोच धरा. यांत्रिक गेजवरही कमी आलं तर रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग आणि चेंबरमधल्या सक्शन पाइपची जाळी बघा. जाळी गाळाने बुजलेली असेल तर घट्ट ऑइल घालून तुम्ही पंपाचं तोंड आणखी आवळताय. आणि ऑइलमध्ये डिझेल उतरत असेल तरी प्रेशर पडतं. त्यावर पुढे येतो.

‘थोडं ऑइल खातं’ म्हणजे किती, हे आधी मोजा. किलोमीटरवर नको, डिझेलवर मोजा. 100 लिटर डिझेल जळेपर्यंत पाव लिटरपर्यंत टॉपअप लागत असेल तर जुन्या इंजिनासाठी मी ते ठीक समजतो. अर्धा लिटर झाला की कारण शोधायला लागतो. ऑइल जातं कुठे हे धूर आणि वेळ सांगतात. मंद चालवून ठेवल्यावर किंवा लांब उतार उतरून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर निळ्या धुराचा एकच लोट येत असेल तर व्हॉल्व्ह गाईड आणि त्यांचे सील. लोडवर चढाला सतत निळसर धूर आणि ब्रीदरमधून, म्हणजे चेंबरमधली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, धाप लागल्यासारखी हवा येत असेल तर रिंग आणि बोअर. टर्बोच्या पुढचा हवेचा होज काढला आणि आत ऑइलचं तळं दिसलं तर आधी एअर फिल्टर चोंदलाय का आणि ब्रीदर बुजलाय का ते पाहा, मग टर्बोचा सील. यातलं एकही दुखणं डब्यावरचा आकडा बदलून जात नाही. व्हॉल्व्ह सीलचं काम बऱ्याच इंजिनांत हेड न उतरवता होतं आणि खप निम्म्यावर येतो, त्यामुळे ते पुढे ढकलू नका.

टॉपअप जास्त लागतोय म्हणजे ऑइल आपोआप नवं होतंय, बदलायची गरज नाही, असंही काहीजण मानतात. टॉपअपमुळे आम्ल मारायचा साठा थोडा भरून येतो हे खरं. काजळी आणि धातूचा कीस मात्र कुठेच जात नाही. जळतं ते ऑइल, घाण मागेच राहते आणि दाट होत जाते.

आता मुदतीकडे. हँडबुकमधले 15,000 किलोमीटर कुठल्या गाडीसाठी लिहिलेत? चांगला रस्ता, एकसारखा वेग, रास्त लोड. असा ट्रक समजा लिटरला 5 किलोमीटर देतो. 15,000 किलोमीटरमध्ये त्याने 3,000 लिटर डिझेल जाळलं. चेंबर 15 लिटरचा, म्हणजे ऑइलच्या प्रत्येक लिटरने 200 लिटर डिझेलची काजळी, आम्ल आणि ओल पचवली. इंजिन बनवणाऱ्याने खरा हिशेब हाच केलेला असतो. तोच ट्रक खाणीवर किंवा चढाच्या रस्त्यावर लिटरला 3 किलोमीटर देत असेल तर 3,000 लिटर डिझेल 9,000 किलोमीटरमध्येच जळतं. किलोमीटरच्या भरवशावर 15,000 गाठेपर्यंत त्या ऑइलने 5,000 लिटर डिझेल झेललेलं असेल, जवळजवळ पावणेदोन पट. किलोमीटर तेवढेच, काम वेगळं.

म्हणून तुमच्या हँडबुकची मुदत घ्या, तिला गाडी चांगल्या स्थितीत असतानाच्या ॲव्हरेजने भागा, आणि जो डिझेलचा आकडा येईल तो वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. डिझेलच्या पावत्या जमवत जा, बेरीज त्या आकड्यावर आली की ऑइल बदला. यात लोड, चढ, ट्रॅफिक, लीक होणारा नोझल, सगळं आपोआप धरलं जातं, कारण ॲव्हरेज पडलं की मुदतही आपोआप जवळ येते. ज्या मालकांनी ही वही ठेवली त्यांची इंजिनं जास्त टिकलेली मी पाहिली आहेत, म्हणून एवढा आग्रह धरतोय.

इंजिन ऑइल खात असेल, ब्रीदरमधून हवा येत असेल तर या आकड्यातून पाव भाग कमी करा. वरच्या उदाहरणात 3,000 ऐवजी 2,250 लिटर. कारण रिंगवरून जी हवा खाली येते ती नुसती हवा नसते, जळका वायू आणि काजळी असते, ती थेट चेंबरमध्ये उतरते.

एका ठिकाणी मात्र डिझेलचा हिशेब कमी पडतो: गाडी तासन्‌तास मंद चालू ठेवण्यात. तेव्हा डिझेल कमी जळतं पण सिलिंडर गार राहतो, डिझेल अर्धवट जळतं आणि रिंगवरून खाली धुऊन जातं. तिथे तास मोजावेत. मंद चाललेला एक तास साधारण 40 किलोमीटरच्या बरोबरीचा धरतात. तासमीटर नसेल तर बसवून घ्या, आणि जुन्या इंजिनात 250 ते 300 तासांच्या पुढे ऑइल नेऊ नका, मग किलोमीटर कितीही कमी झालेले असोत.

धुळीच्या कामावर ऑइल लवकर बदला असा सल्ला नेहमी मिळतो. बदला, पण धुळीवरचा खरा इलाज एअर क्लीनर आहे. एकदा माती रिंगवरून आत गेली की बोअर घासला गेला, नंतर ऑइल बदलून तो परत येत नाही. होजच्या क्लॅम्प, क्लीनरच्या झाकणाचं रबर, टर्बोपर्यंतचा प्रत्येक सांधा हाताने चाचपून बघा. क्लीनरच्या पुढच्या पाइपच्या आत स्वच्छ फडकं फिरवा. फडक्यावर माती आली तर ती इंजिनात जातेच आहे.

सिंथेटिकबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ऑइल म्हणून ते सरस आहे. उणे 20 च्या खाली जाणाऱ्या थंडीत 5डब्ल्यू-40 सिंथेटिकला पर्याय नाही. पण 40,000 किलोमीटरचा दावा जुन्या इंजिनात टिकत नाही, कारण ऑइल जुनं होण्याआधी ते घाण होतं. काजळी, उतरलेलं डिझेल, माती आणि ओल सिंथेटिकमध्येही तेवढीच येते. शिवाय जे इंजिन ऑइल जाळतं आणि गळवतं, त्याचं महाग ऑइल धुरात आणि रस्त्यावर जातं. त्यापेक्षा खनिज ऑइल वेळेवर बदला. सिंथेटिक घातलं की सील गळायला लागतात, हे मात्र आजच्या ऑइलना लागू नाही. जुन्या, कडक झालेल्या सीलवर गाळाचा थर बसून गळती थांबलेली असते, नवं ऑइल तो थर धुतं आणि मुळातली गळती दिसायला लागते. चांगलं खनिज ऑइलही हेच करतं.

त्यावरून पुढची सूचना. गाडी नुकतीच विकत घेतली आहे, आधी कुठलं ऑइल होतं माहीत नाही, टॅपेट कव्हर उघडल्यावर आत काळा लगदा दिसतो, तर फ्लशिंगच्या नावाखाली रॉकेल किंवा डिझेल घालून इंजिन चालवू नका. त्यात बेअरिंग कोरडे फिरतात आणि सुटलेला गाळ एकदम जाळीवर जाऊन बसतो. सीआय-4 प्लस घाला आणि पहिलं ऑइल ठरलेल्या डिझेलच्या तिसऱ्या हिश्श्यावर काढा, फिल्टरसकट. दुसरं निम्म्यावर. तिसऱ्यापासून पूर्ण मुदत. ऑइलमधलं डिटर्जंट हळूहळू धुतं, तेच सुरक्षित.

ऑइल काळं झालं म्हणून बदलायची घाई करू नका. डिझेल इंजिनात नवं ऑइल पहिल्या काही तासांतच काळं पडतं. काजळी बारीक कणांच्या रूपात ऑइलमध्ये तरंगत ठेवणं हेच त्याचं काम आहे, काळं ऑइल म्हणजे काम करणारं ऑइल. बोटांत चोळून बघायच्या सवयीतूनही फार काही कळत नाही. त्यापेक्षा टीपकागदाची चाचणी करा. इंजिन गरम असताना डिपस्टिकवरून एक थेंब पांढऱ्या टीपकागदावर किंवा कॉफीच्या फिल्टर पेपरवर सोडा, कागद खालून कशाला टेकणार नाही असा आडवा ठेवा आणि काही तास हात लावू नका. ऑइल ठीक असेल तर करडा रंग मधून बाहेर हळूहळू फिका होत पसरतो. मध्ये घट्ट काळा ठिपका, त्याची कड सुरीने कापल्यासारखी आणि बाहेर नुसतं पिवळसर ऑइल पसरलेलं दिसलं, तर काजळी तरंगत ठेवायची ताकद संपली, ऑइल लगेच काढा. सगळ्यात बाहेर पारदर्शक, फिकं कडं वेगळं दिसत असेल तर डिझेल मिसळल्याचा संशय घ्या. नव्या ऑइलचा, निम्म्या मुदतीचा आणि काढतानाचा असे तीन थेंब एकाच कागदावर तारखेसह ठेवले की फरक डोळ्याला आपोआप दिसतो. पाणी बघायचं असेल तर लोखंडी पत्रा साधारण 150 अंशांना तापवून त्यावर एक थेंब टाका. तडतडला तर पाणी आहे. डोळे जपून, चष्मा लावून करा.

सगळ्यात धोक्याची खूण म्हणजे डिपस्टिकवरची पातळी न घालता वाढणं. इंजिन ऑइल खात नाही म्हणून मालक खूश असतो आणि आत डिझेल उतरत असतं. फाटलेला लिफ्ट पंपाचा डायफ्रॅम, इंजेक्शन पंपाचा सील, किंवा हेडच्या कव्हरखालून जाणारी ओव्हरफ्लोची नळी, या तीन जागा आधी बघा. 5 टक्के डिझेल मिसळलं तरी 15डब्ल्यू-40 एक ग्रेडने खाली येतं. त्याच वेळी रेडिएटरचं पाणी कमी होत असेल आणि ऑइल दुधाळ दिसत असेल तर हेड गॅस्केट, ऑइल कूलर किंवा वेट लायनरचे रबर रिंग. अशी गाडी चालवून गॅरेजला नेऊ नका, ओढून न्या. कूलंटमधलं ग्लायकॉल बेअरिंगचा थर फार लवकर खातं.

बदलताना घाई नको. गाडी सपाट जागेवर, इंजिन गरम, प्लग काढल्यावर किमान वीस मिनिटं गळू द्या. तळाशी राहणारं ऑइलच सगळ्यात घाण असतं. ड्रेन प्लगचा तांब्याचा वॉशर नवा घाला. फिल्टर प्रत्येक वेळी बदला, एकाआड एक नव्हे. जुना फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडून बघणं ही मला सगळ्यात उपयोगी सवय वाटते: चंदेरी चमक दिसली तर बेअरिंगचा वरचा थर, तांबूस दिसली तर खालचा तांब्याचा थर किंवा बुश, चुंबकाला चिकटलं तर लोखंड. बऱ्याच जुन्या इंजिनांना सेंट्रिफ्यूगल फिल्टरही असतो आणि तो लोक विसरूनच जातात. वाटी उघडली की आतल्या भिंतीला काळ्या मेणासारखा थर बसलेला असतो. तो लाकडी पट्टीने खरवडून काढा आणि बारीक नोझलची भोकं मोकळी आहेत का बघा. मुदत पूर्ण झाल्यावरही वाटी कोरडी, स्वच्छ निघाली तर तो फिरतच नव्हता.

भरल्यावर स्टॉप ओढून ठेवून, म्हणजे डिझेल बंद ठेवून, प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टर मारा, थोड्या थोड्या वेळाने, मग इंजिन सुरू करा. टर्बोला कोरडं फिरू द्यायचं नाही. पातळी वरच्या खुणेच्या वर नको. जादा ऑइल क्रँकने घुसळून फेसाळतं, प्रेशर पडतं, आणि ब्रीदरमधून इनटेकमध्ये ओढलं गेलं तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच सुसाट सुटू शकतं, मग ते स्टॉपनेही थांबत नाही.

जुन्या गाड्यांत इंजिन ऑइलबरोबर आणखी दोन जागा बघाव्या लागतात. काही इन-लाइन इंजेक्शन पंपांच्या कॅमबॉक्समध्ये स्वतःचं वेगळं ऑइल असतं, इंजिनाशी त्याचा संबंध नसतो. पंपाच्या बाजूला लेव्हल प्लग दिसला तर ते ऑइलही प्रत्येक वेळी बदला, त्यात डिझेल हमखास उतरतं. आणि ऑइल बाथ एअर क्लीनर असेल तर त्याच्या वाटीत इंजिनाचंच ऑइल, खुणेपर्यंत. तळाशी बोटभर चिखल जमेपर्यंत थांबू नका, धुळीत रोज बघा. खुणेच्या वर भरलं तर ते इंजिनात ओढलं जातं आणि इंजिन ऑइल खातंय असा भास होतो.

बाजारात वेगळे मिळणारे ऑइल घट्ट करणारे, घर्षण कमी करणारे ॲडिटिव्ह घालू नका. ऑइल बनवणाऱ्याने त्यातली रसायनं एकमेकांशी जुळवून चाचण्या केलेल्या असतात, वरून घातलेली बाटली तो तोल बिघडवते.

एकापेक्षा जास्त गाड्या असतील तर वर्षातून एकदा तरी वापरलेल्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. रिपोर्टमध्ये काजळी 3 टक्क्यांच्या वर, डिझेल 5 टक्क्यांकडे, पाणी 0.2 टक्क्यांच्या वर किंवा टीबीएन नव्याच्या निम्म्याखाली असेल तर मुदत लांबली आहे. सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम जोडीने वाढलेले असतील तर माती येते आहे. सोडियम किंवा पोटॅशियम वाढलं तर कूलंट. लोखंड, शिसं, तांबं यांच्या एका आकड्यावर निर्णय घेऊ नका, मागच्या रिपोर्टशी ताडून बघा. एकाच इंजिनाचे तीन-चार रिपोर्ट जमले की त्याची नेहमीची चाल कळते.

प्रश्नात शेवटी असंही विचारलंय की हंगाम संपल्यावर ट्रक चार-पाच महिने उभा असतो, तर ऑइल उभं करताना बदलायचं की पुन्हा काढताना? उभं करताना. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओल असते, ती महिनोन्‌महिने बेअरिंगवर बसून राहते. नवं ऑइल आणि नवा फिल्टर घाला, इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत गाडी चालवून आणा आणि मग उभी करा. मध्ये दर आठवड्याला पाच-दहा मिनिटं जागेवर सुरू करून बंद करू नका. तेवढ्या वेळात चेंबर गरम होत नाही आणि प्रत्येक वेळी नवी ओल आत जमते. सुरू करायचीच असेल तर तासभर रस्त्यावर चालवा. हंगामात काढताना ते ऑइल बदलायची गरज नाही. स्टॉप ओढून आधी प्रेशर येऊ द्या, मग सुरू करा. आणि वर्षात डिझेलचा आकडा पूर्ण झाला नाही तरी बारा महिन्यांनी ऑइल काढाच.